दहावी काडी

वहिनी,

सकाळपासून हे लिहायला तिसऱ्यांदा बसतो आहे. पहिल्यांदा बसलो तर दौतीत शाई नव्हती. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा शाई होती, मी नव्हतो. म्हणजे खुर्चीत होतो, पण डोकं स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचे डबे मोजत होतं. तुम्ही गेल्यापासून मला हा नाद लागलाय. दिसेल ते मोजतो. खिडकीचे गज, गच्चीच्या पायऱ्या, दादाचे उसासे. आज बाविसावा दिवस. हेही मोजलेलंच.

इथल्या मराठी मंडळींचा संक्रांतीला हस्तलिखित अंक निघतो, त्यात तुमच्यावर दोन पानं हवीत असं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. घरातल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगणारा म्हणून माझी आधीच बदनामी आहे. 'जन्म, माहेर, शिक्षण, स्वभाव, एवढं आलं की झालं,' असं मला सांगण्यात आलंय. वर, 'सुगरण होत्या हे विसरू नका.' वहिनी, सुगरण लिहू का? तुमच्या पुरणपोळीतलं पुरण अकरा वर्षं तव्यावरच राहिलं आणि आम्ही दोघे भाऊ ते उलथन्यानं खरवडून खात आलो, हे अंकाच्या निम्म्या वाचकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा ते राहू दे. मला तुम्हाला एक विचारायचं होतं. ते राहिलं, आणि आता उत्तर कोण देणार, म्हणून मला एका जागी बसवत नाही. विचारायचं ते हे, की चार-साडेचार वर्षांपूर्वी मी देवघरातल्या फुलपात्रातून तुमची एक काडी चोरली, ते तुम्हाला कळलं होतं का? माझ्यामुळे तुमचं तासगाव राहिलं का?

वाचणाऱ्यांना वाटेल, एका काडीसाठी एवढं काय. म्हणून आधी काडीचं सांगतो. तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही नुसतं हूं म्हणा.

छप्पन साली दादाची बदली जयपूरला झाली तेव्हा तुम्ही तासगावात मुलींच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत होतात. 'मी येणार नाही' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. फक्त आमच्याशी बोलणं बंद करून मुलींच्या पाट्या तपासत बसलात. दादाला तुमच्याशी वाद घालायची छाती कधीच नव्हती, म्हणून त्यानं मला, तेहतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या आणि बिननोकरीच्या धाकट्या भावाला, वकील म्हणून पुढे केलं. मी मागच्या दारी उभा राहून मोठ्या ऐटीत म्हणालो होतो,

"वहिनी, फार नाही. एक दशक."

"एक काय?"

"दशक. दहा वर्षं."

"मग दहा वर्षं म्हणा की, भाऊजी. एक दशक म्हटलं की एकच काहीतरी वाटतं. पटकन घशाखाली उतरतं."

"म्हणूनच तर तसं म्हटलं."

तुम्ही हसलात. वकिली जिंकलो, असं मी पुढे कैक जणांना सांगितलं. खरं म्हणजे तुम्ही तिथेच ठरवलं असणार की हा गृहस्थ मोठी गोष्ट लहान करून हातावर ठेवतो, तेव्हा मोजमाप आपल्याकडे ठेवलेलं बरं.

"ठीक आहे," म्हणालात. "दहा झाली की परत यायचं. शाळेतल्या मोठ्या बाईंना तसं सांगून ठेवते. आणि शब्द तुम्ही दिलाय, ह्यांनी नव्हे. ध्यानात असू द्या."

मग सामानात तुम्ही एक नवाकोरा खराटा बांधलात. नारळाच्या हिरांचा, तासगावच्या बाजारातला. दोन दिवसांच्या प्रवासात तो माझ्या मांडीवर होता. समोरच्या बाकावरच्या एका पगडीवाल्या गृहस्थांनी शेवटी न राहवून विचारलं, "क्यों साहब, जैपुर में झाड़ू नहीं मिलती?" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. त्या खराट्यानं तुम्ही कधीच झाडलं नाहीत; झाडायला इथली झाडू आणलीत आणि तो दाराआड उभा करून ठेवलात.

उत्तर कळलं ते पहिल्या पाडव्याला. आदर्श नगरातल्या या भाड्याच्या घरावर आपण गुढी उभारली, गल्ली पाहायला जमली. उलट्या तांब्याखाली काय लपवलंय, असं तिघींनी विचारलं. गणगौर, म्हणजे इथली चैत्रगौर, दोन दिवसांवर आली होती, तेव्हा हेही तिचंच काही असेल अशी समजूत करून घेऊन त्या परत गेल्या. पूजा झाल्यावर तुम्ही खराट्यातली एक काडी उपसलीत, वीतभर तोडलीत, टोक कुंकवात बुडवलंत आणि देवघरातल्या जुन्या पितळी फुलपात्रात उभी केलीत.

"एक," म्हणालात.

पहिलीच्या वर्गाची रीत. सुट्या काड्या म्हणजे एकक. दहा झाल्या की दोऱ्यानं बांधायच्या, तो दशक. इथला गठ्ठा बांधला की बिऱ्हाडही बांधायचं.

मला एका सरकारी आकडेवारीच्या कचेरीत कारकुनी मिळाली. नोकरी कायमची, आणि जयपूर सोडून कुठे बदली नाही. तिथे दशक हा शब्द दिवसातून पन्नासदा यायचा. गत दशकात अमुक, आगामी दशकात तमुक. कागदावर तो फार सुबक दिसतो. घरात त्याला कुणी पाट मांडत नाही. आपण म्हणतो, दहाएक वर्षं झाली. वयाचं म्हणतो विशी, तिशी, चाळिशी. 'आमच्या लग्नाला एक दशक झालं' असं कुणी म्हणालं तर तो नुकताच सत्कारातून हार घालून आलाय असं वाटतं. पण आपल्या घरात तो शब्द चहा-साखरेसारखा वापरात होता, आणि तो आणणारा मी. 'हा स्टोव्ह दशक काढील.' 'पडदे साधेच घ्या, दशकापुरते तर हवेत.' 'इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, पण दशकाचाच प्रश्न आहे.' दूधवाल्याला तुम्ही एकदा सुनावलंत, "भैया, पानी कम डालो, हम तो दशकभर के लिए ही हैं." तो त्या दिवसापासून तुम्हाला पंडितानीजी म्हणायला लागला, आणि पाणी होतं तेवढंच राहिलं.

दादाचं म्हणणं वेगळं. "दशक ही कचेरीची भाषा. आपल्यात तप मोजतात. बारा वर्षं."

"तप ऋषी करतात," तुम्ही म्हणायचात. "मला वरची दोन वर्षं खपवू नका."

साठ साल उजाडलं तेव्हा मी वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आलो. देश नव्या दशकाच्या उंबरठ्यावर उभा आहे, असं छापलं होतं. "उभा राहू दे," तुम्ही कणीक मळताना म्हणालात. "आत यायची वेळ झालेली नाही. साठ ही मागच्या गठ्ठ्यातली दहावी काडी. दहावी ठेवल्याशिवाय दोरा बांधायचा नाही, एवढं पहिलीतल्या पोरीला कळतं." मी म्हटलं, पन्नास ते एकोणसाठ मोजा, दहाच भरतात. तुम्ही म्हणालात, एकपासून मोजा भाऊजी, शून्याला काडी नसते. तो वाद आपण तीन दिवस चालवला. चौथ्या दिवशी दादानं तिखट कमी असल्याची तक्रार केली आणि आपण दोघे एक होऊन त्याच्यावर उलटलो, म्हणून तो वाद तसाच राहिला. माझ्याकडे अजून उत्तर नाही. मात्र कचेरीत कुणी विचारलं की मी तुमचंच सांगतो, आणि माझं म्हणून सांगतो.

पुढच्या वर्षी शिरगणती आली. माझ्या कचेरीतच कागदांचे ढीग. मी जयपूरभर, सोडाल्यापासून झोटवाड्यापर्यंत, सायकल दामटत कागद पोचवत होतो. आणि आपल्याच घरी मोजणीला आलेले मास्तर तुमच्यापुढे हात टेकून बसले होते. मी पोचलो तेव्हा पेन्सिल अडकली होती ती 'यहाँ कितने समय से' या प्रश्नावर.

"चार काड्या," तुम्ही त्यांना फुलपात्र दाखवून सांगितलं होतंत.

"चार साल लिखूँ?"

"आप मेहमान लिखिए. हम यहाँ के नहीं हैं. एक दशक के लिए आए हैं."

"बहनजी, मेहमान का इसमें कोई खाना नहीं है."

खाना म्हणजे कागदावरचा रकाना, हे मी सांगेपर्यंत तुमचा चेहरा पडला होता. "जेवायला कोण मागतंय यांच्याकडे," असं माझ्याकडे पाहून मराठीत म्हणालात. मास्तरांनी चार वर्षं लिहिली. ते गेल्यावर तुम्ही ओसरीत येऊन विचारलंत, "भाऊजी, आता यांच्या कागदावर आपण इथले झालो का?" मी म्हटलं, कागदावरच. "मग हरकत नाही," म्हणालात.

ओसरी म्हटलं की तुमचा वर्ग आठवतो. सुरुवात चाचींच्या नातीपासून झाली. चाची म्हणजे शेजारच्या, फाळणीत मुलतानहून आलेल्या म्हाताऱ्या. पम्मी, त्यांची नात, हिशेबात नापास होऊन भिंतीला टेकून रडत होती. तुम्ही तिला काड्या दिल्यात आणि एकक, दशक, शतक शिकवलंत. इथे इकाई, दहाई म्हणतात, हे मी तुम्हाला सांगितलं. "म्हणू दे," असं उत्तर आलं. दोन वर्षांत ओसरीत पंधरा पोरी जमायला लागल्या आणि अख्ख्या गल्लीत दहाचा गठ्ठा म्हणजे दशक झाला. चाची धोब्याला कपडे देताना सांगायच्या, "एक दशक और तीन, गिन ले." माझं नावही तसंच झालं. तुम्ही मला भाऊजी म्हणता हे ऐकून साऱ्या गल्लीनं तेच धरलं. कचेरीतला एक कानपूरवाला आजही पोट धरून हसतो, कारण त्यांच्याकडे भौजी म्हणजे थोरल्या भावाची बायको. मिशीवाली भौजी म्हणून माझी तिथे ख्याती आहे. ही तुमची देणगी.

चाचींना तुम्ही दशकाचं समजावून सांगितलंत, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. हिवाळ्याची दुपार, दोघी उन्हात मटार सोलत होतात, मी खाटेवर झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

"दस बरस बाद पक्का चली जाओगी, मास्टरनी?"

"पक्का. गिन रही हूँ."

"अच्छा है, गिनती हो." चाचींनी आणखी दोन शेंगा सोलल्या. "हम दो महीने के लिए निकले थे. आम का अचार धूप में रखकर आई थी. पड़ोसन से कह दिया, शाम को ढक देना."

तुम्ही उठून आत जाऊन आपल्या लोणच्याची बरणी आणलीत आणि त्यांच्यासमोर ठेवलीत. त्यानंतर मी तुम्हाला गल्लीत 'दशकापुरतं' म्हणताना फारसं ऐकलं नाही. हे मला आत्ता, लिहिताना लक्षात येतंय. तेव्हा मी सोंग आणण्यात गुंतलो होतो.

(मधे उठून पाणी प्यालो. तहान नव्हती.)

आता चोरी. त्रेसष्टचा पाडवा झाला, सातवी काडी उभी राहिली. मला त्याच वर्षी चाळिशीचा चष्मा लागला होता. रात्रंदिवस एकच विचार: आणखी तीन. तुम्ही आणि दादा तासगावला जाल, आणि मी इथे कचेरी नि खाणावळ यांच्यामध्ये उरेन. माझी नोकरी तिकडे जाणारी नव्हती. तिकडे जाऊन नव्या नोकरीसाठी रांगेत उभं राहायचं वय नव्हतं. आणि तुमची ती फाटकी पुरणपोळी दुसऱ्या कुठल्या घरात मिळणार नव्हती. हे सरळ तुम्हाला सांगता आलं असतं. 'वहिनी, जाऊ नका,' एवढे तीन शब्द. पण ज्यानं शब्द दिला त्यानं तो परत कसा मागायचा? त्यापेक्षा चोरी सोपी वाटली.

तुम्ही ओसरीत पोरींकडून पाढे म्हणवून घेत होतात. मी देवघरात गेलो, देवाला नमस्कार केला, का केला देव जाणे, आणि एक काडी उचलली. मग ती ठेवायची कुठे, हे ठरवलेलंच नव्हतं. सहा खोल्यांच्या कचेरीतले कागद जागेवर लावणारा मी. एक वीतभर काडी लपवायला मला घर अपुरं पडलं. शेवटी मधोमध दुमडून चष्म्याच्या घरात कोंबली. नारळाचा हीर मोडत नाही, वाकतो. वर चष्मा बसेना. मग महिनेच्या महिने चष्मा खिशात आणि काडी घरात.

पुढच्या थंडीत एक दिवस चष्म्याचं घर उघडलं तर काडी नव्हती. सोडाल्याच्या बसमध्ये पडली असणार, असं मी धरून चाललो. त्याच सुमाराला तुम्ही म्हणाला होतात, "भाऊजी, चष्म्याचं घर पुसून ठेवलंय. काय काय भरता हो त्यात." मला वाटलं, धुळीबद्दल बोलताय. या गावात धुळीला काय तोटा.

सहासष्टचा पाडवा. दहावा. घरात तिघांनाही ठाऊक होतं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेला ठाऊक होतं, चाचीसुद्धा सकाळी येऊन डोळे पुसून गेल्या होत्या. दादानं नवा सदरा घातला होता आणि त्याच्या खिशात कोऱ्या कागदाची घडी होती, बदलीच्या अर्जासाठी. तुम्ही काडी ठेवलीत. मग फुलपात्र पाटावर पालथं केलंत आणि मोठ्यानं मोजलंत.

"...सात, आठ, नऊ."

थांबलात. पुन्हा नाही मोजलंत. "नऊच आहेत," म्हणालात. "मग एक राहिली अजून."

डब्यातली एक चकली कमी झाली तर कोणी खाल्ली हे ओळखणारी बाई. दहा वर्षं झाली की नाही हे सांगायला काड्या कशाला हव्यात? दादानं दिनदर्शिकेकडे पाहिलं, मग सदऱ्याच्या बटणाकडे. मी म्हणालो, "वहिनी, मला वाटतं..."

"काय वाटतं?"

"श्रीखंडात वेलची कमी पडली."

"मग वरून घ्या," तुम्ही म्हणालात आणि काड्या गोळा केल्यात.

यंदाच्या पाडव्याला माझ्या हिशेबानं दहा व्हायला हव्या होत्या. अकरा वर्षांच्या अकरा, त्यातली माझी एक वजा. मी मनाशी ठरवलं होतं, आता मुकाट्यानं सामान बांधायला मदत करायची. तुम्ही मोजल्यात. नऊ. "काय बाई या काड्या," म्हणालात, "एक राहिलीच." मी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. दोघा भावांनी एकमेकांना त्याच क्षणी चोर ठरवलं आणि दोघांनीही ते मोठ्या मनानं पोटात घातलं. तुम्ही देवाला नैवेद्य दाखवत होतात, पाठमोऱ्या.

दसऱ्यानंतर तुमचं पोटाचं दुखणं वाढलं. इस्पितळात नाव घालताना तिथल्या बाईंनी विचारलं, "कहाँ की हैं?" दादा 'महाराष्ट्र' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही खाटेवरून म्हणालात, "आदर्श नगर." मी स्वतःची समजूत घातली, पत्ता विचारला म्हणून पत्ता सांगितला. पण ते मला टोचत राहिलं. तिथेच विचारायला हवं होतं. रोज संध्याकाळी मी तुमच्याजवळ एक तास बसायचो. कचेरीतल्या गमती सांगायचो, चाचींचं नि धोब्याचं भांडण साभिनय करून दाखवायचो, तुम्ही हसून पोट धरायचात आणि मग दुखतं म्हणून मला दटावायचात. विनोदी माणसाची हीच गोची. वेळ फार चांगला घालवतो, आणि तेवढाच घालवतो.

इथवर लिहून झालं आणि दादा आला. हातात बदलीचा अर्ज. या वेळी कोरा नव्हता, नीट लिहिलेला होता.

"सांगली किंवा मिरज, कुठेही द्या म्हटलंय," तो म्हणाला. "तिला शब्द दिला होता."

"शब्द मी दिला होता."

"मग तू काडी का चोरलीस?"

पाडव्यापासून पोटात घातलेलं शेवटी ओठांवर आलं. मी कबूल केलं. "एक. दुसरी तुझी."

"माझी?" दादा पलंगावर बसला. "अरे, तिच्या फुलपात्राला हात लावायची माझी छाती होती का?"

ते खरं होतं. तुमच्या फुलपात्राला काय, तुमच्या कंगव्यालाही त्यानं कधी हात लावला नाही. मग आम्ही दोघे समोरासमोर बसलो, आणि वाईट म्हणजे मी पुन्हा गज मोजायला लागलो.

तेवढ्यात पम्मी आली. ती आता मास्तरणीचं शिक्षण घेते, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच तिचा अर्ज भरला होतात. तिच्या हातात तुमचा ओसरीतल्या काड्यांचा पत्र्याचा डबा होता.

"भाऊजी, ये बहनजी ने अस्पताल जाने से पहले मुझे दिया था. कहा था, तेरे क्लास में काम आएगा. पर मैं सोच रही थी, आपसे पूछ लूँ."

"तेरा ही है, बेटी. रख ले."

"गिन लीजिए. नौ दशक हैं, पूरे." तिनं डबा उघडला. "और ये दो अलग बँधी हैं. बहनजी ने कहा था, पम्मी, इन दोनों को गिनती में मत मिलाना. एक भाऊजी की है, एक मेरी."

निळ्या दोऱ्यानं बांधलेल्या दोन काड्या. एक सरळ, टोकाचं कुंकू अजून ताजं. दुसरी मधोमध दुमडलेली.

"मतलब क्या था, भाऊजी?"

तिला म्हटलं, नंतर सांगेन. ती समजूतदार आहे, चहा टाकायला आत गेली.

तुम्हाला कळलं होतं. चष्म्याचं घर पुसलंत त्या दिवसापासून. ती काडी तुमच्या हातात होती. फुलपात्रात परत टाकली असती तर सहासष्टला दहा भरल्या असत्या आणि माझा शब्द मला पाळावा लागला असता. तुम्ही ती डब्यात ठेवलीत. मग यंदा दुसरी तुम्ही स्वतः काढलीत. दहावी ठेवल्याशिवाय दोरा बांधायचा नाही, हे तीन दिवस माझ्याशी भांडून सिद्ध करणाऱ्या तुम्ही, आणि दोरा बांधलात तो दोन काड्यांना.

मला राग आलाय. खरंच आलाय. एकदा म्हणाला असतात, 'भाऊजी, माझाही पाय निघत नाही.' मी साडेचार वर्षं चोरासारखा तुमच्या हातचं जेवलो. तुम्ही मला 'अजून एक पोळी घ्या' म्हणताना मनात हसत होतात का? की माझ्यासाठी राहिलात? की ओसरीसाठी, पम्मीसाठी, चाचींच्या त्या उन्हातल्या अचारासाठी? तासगावचा तो वर्ग तुम्ही कधी सोडलात, कुठल्या दुपारी, मटार सोलताना की पाढे म्हणवून घेताना? आम्हाला कुणाला ते दिसलं नाही. मी माझी चोरी जपत बसलो आणि तुम्ही तुमची. दोन चोर एका घरात इतकी वर्षं सुखानं राहिले, एवढंच खरं. त्या सुखाबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. वेलचीबद्दल म्हटलं.

दादा पलंगावरून उठला. मग देवघरातून फुलपात्र घेऊन आला. त्यानं स्वतः हात लावला, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. नऊ काड्या पाटावर ओतल्या, निळा दोरा सोडला आणि त्या दोन शेजारी ठेवल्या. दुमडलेली सरळ करायचा प्रयत्न केला, होईना, तशीच ठेवली.

"अकरा," तो म्हणाला. अर्जाची त्यानं आधी एक घडी घातली, मग आणखी एक. "माघात तिच्या अस्थी घेऊन तासगावला जाऊ. तिथून कृष्णेवर. मोठ्या बाईंनाही भेटून येऊ."

"येऊ?"

"येऊ म्हणजे परत येऊ. पाडव्याला बारावी ठेवायला नको का? तप पुरं होईल."

"तप ऋषी करतात," मी म्हणालो.

दादा हसला. बावीस दिवसांत पहिल्यांदा. मग डोळ्यांना सदरा लावून बसून राहिला. आत पम्मी कपबशा काढत होती, आणि शेजारून चाचींचा आवाज येत होता, "एक दशक और पाँच, ठीक से गिन."

मी उठून दाराआड गेलो. खराटा तिथेच उभा आहे, वहिनी. आता बारीक झालाय, पण त्यात अजून काड्या आहेत. किती, ते मोजलं नाही.